वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा बाबा ओसरीवर मक्याची कणसं सोलत बसले होते. आमचं गाव बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. बाबांची मुख्य पिकं तूर आणि सोयाबीन. घरामागच्या तुकड्यात तेवढा थोडा मका असतो, पाकिटातल्या हायब्रीड बियाण्याचा, सगळा एकसारखा पिवळा. पण त्या दिवशी बाबांनी पायाशी एक ढीग वेगळा काढला होता. त्यातल्या पिवळ्या कणसांवर मधूनच जांभळे-काळे दाणे होते, कुणी शाई शिंपडावी तसे. बाबा काही बोलले नाहीत. एक कणीस माझ्या हातात दिलं आणि पुन्हा सोलायला लागले. आमच्या घरात राग असाच येतो.

चूक माझीच होती. आमच्या पॅरिशच्या कॉन्व्हेंटमधल्या एक सिस्टर ईशान्य भारतातल्या. तिकडे डोंगराळ भागात लाल, जांभळा, काळा मका लोक घरासाठी आवर्जून लावतात. सुट्टीवरून येताना त्यांनी असं एक काळं कणीस आणलं होतं. मी त्यातले मूठभर दाणे मागून घेतले आणि जूनमध्ये, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, परसात तीन ओळी लावल्या. मधे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे बाबांचा मका. भिंत आहे म्हणजे काळजी मिटली, असं मी धरून चालले होते.

मक्याला भिंत कळत नाही. त्याच्या शेंड्यावर जो तुरा येतो तो नर, आणि ताटाच्या मध्यावर जे कणीस येतं ते मादी. तुऱ्यातून आठवडाभर पिवळी भुकटी झडत राहते. कणसाच्या टोकातून जे रेशमी केस बाहेर येतात, त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. म्हणजे कणसावर जितके दाणे, तितकी वेगवेगळी लग्नं. एकाच कणसातल्या शेजारशेजारच्या दोन दाण्यांचे बाप वेगळे असू शकतात. दाण्याची वरची साल आईची असते, पण तिच्या खालच्या थराचा रंग आई आणि बाप दोघांकडून येतो. म्हणून दुसऱ्या झाडांत ज्या संकराचा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो, तो मक्यात त्याच हंगामात, त्याच कणसावर डोळ्यांना दिसतो. ब्रनोच्या मठात वाटाण्याचे प्रयोग करणाऱ्या मेंडेल या आपल्या धर्मगुरूंनीही पुढे पडताळा म्हणून मका लावून पाहिला होता. माझ्या तीन ओळींची भुकटी वाऱ्याने भिंतीपलीकडे गेली आणि बाबांच्या कडेच्या ओळींत काळे दाणे धरले, इतकंच झालं होतं. परागकण तसे जड असतात, बहुतेक जवळच पडतात, म्हणून आतल्या ओळी वाचल्या.

पण आडतीत हे शास्त्र चालत नाही. तिथे त्याला भेसळ म्हणतात. ती कणसं बाबांनी वेगळी विकली, पडत्या भावाने.

‘भेसळ’ हा शब्द त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही. आपण सीमाभागातली मुलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, कॉलेजात इंग्रजी. वर मी कॅथलिक. तू नक्की कुठली, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे. त्याच रात्री मला एका माणसाची आठवण झाली. शाळेत ‘एक होता कार्व्हर’ वाचून मी वेडी झाले होते. ते पाहून वीणा गवाणकरांनीच लिहिलेलं आणखी एक चरित्र लायब्ररीच्या मॅडमनी माझ्या हातात ठेवलं होतं. ते होतं डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं. हा मराठी माणूस पिस्तूल घेऊन देश सोडतो आणि मक्याचं कणीस घेऊन इतिहासात शिरतो. तेव्हा मला त्यातली पिस्तुलंच जास्त आवडली होती. या वेळी मका वाचला.

खानखोजे यांचं बालपण वर्ध्यात गेलं, पुढचं शिक्षण नागपूरला. जन्म 1880 च्या दशकातला. म्हणजे ज्या पिढीने दुष्काळही पाहिला, प्लेगही पाहिला आणि टिळकांना भारून जाऊन ऐकलं, त्या पिढीतले ते. सशस्त्र क्रांतीशिवाय इंग्रज जाणार नाही, हे त्यांचं लहानपणापासूनचं मत. विशीत त्यांनी घर सोडलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. आज आपण शिकायला परदेशी जातो तेव्हा बँकेचं कर्ज काढतो. खानखोजे यांनी मिळेल ती मजुरी केली. त्यांचं शिक्षणही दुहेरी होतं. कॅलिफोर्नियात एका लष्करी अकादमीत त्यांनी कवायत आणि शस्त्रं शिकून घेतली, आणि मग ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र. वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून ते 1913 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात नांगर, हे आपण पोस्टरवर पाहतो. या माणसाने दोन्हींची परीक्षा दिली होती.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर चळवळ उभी राहिली. त्यात पंजाबी शेतकरी आणि लाकूड कारखान्यांतले मजूर जास्त होते. लाला हरदयाळ यांनी वर्तमानपत्राची, विचाराची बाजू सांभाळली आणि खानखोजे यांनी लष्करी बाजू. बेत असा होता की महायुद्ध पेटलं की हिंदुस्थानातल्या सैन्याला फितवायचं आणि उठाव करायचा. 1915 च्या फेब्रुवारीत ठरलेला तो उठाव आधीच फुटला. कित्येक जण फासावर गेले. खानखोजे तेव्हा दुसऱ्या वाटेवर होते. जर्मनीच्या मदतीने तुर्कस्तान आणि इराण ओलांडून बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात शिरायचं, अशी ती वाट होती. इराणात ते ब्रिटिश फौजांशी लढले, पकडले गेले, निसटले. पण ती वाट घरापर्यंत पोचली नाही. युद्ध संपलं, जर्मनी हरली. 1921 मध्ये बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटाबरोबर ते मॉस्कोलाही जाऊन आले. तिथूनही हाती काही लागलं नाही.

इथे थांबून मी हिशेब केला. माणूस चाळिशीला आलेला. पंधरा-सतरा वर्षं घराबाहेर. ज्या कामासाठी घर सोडलं ते झालेलं नाही, आणि घरी जाता येत नाही, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव आहे. आपण याला काय म्हणू? गावात कुणी असा परत आला असता तर लोकांनी एका शब्दात निकाल लावला असता. वाया गेला.

1924 मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोचले. तिथे दहा वर्षांची क्रांती होऊन गेली होती आणि जमीन कसणाऱ्याला जमीन द्यायचं काम चाललं होतं. अमेरिकेत असताना शेतमळ्यांवर त्यांना मेक्सिकन मजूर भेटले होते, त्यांच्या क्रांतीबद्दल ओढ तेव्हापासूनची. मेक्सिको सिटीजवळ चापिंगो इथे, एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात, राष्ट्रीय शेतकी शाळा नुकतीच आली होती. तिथे ते शिकवू लागले. याच वाड्याच्या जुन्या चॅपेलच्या भिंतींवर त्या वर्षांत दिएगो रिव्हेरा हा चित्रकार माती, बी आणि माणसं रंगवत होता. प्रार्थना थांबलेल्या चॅपेलमध्ये भिंतभर जमीन, हे वाचताना माझ्यासारखीला थोडं चरचरतं. पण विचार केला की वाटतं, बी आणि माती हे विषय चर्चच्या भिंतीला परके कुठे आहेत?

आणि मका तर तिथलाच. सुमारे 9000 वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो घडवला. तेओसिंतेचं कणीस बोटभर, त्यात मोजके कठीण दाणे. त्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत शेतकऱ्यांनी पांढरा, पिवळा, निळा, लाल, काळा मका केला. कुठलीही प्रयोगशाळा नव्हती. चांगलं कणीस बाजूला ठेवायचं आणि पुढच्या वर्षी पेरायचं, एवढंच. खानखोजे यांनी याच धाग्याला हात घातला. मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांचा पुन्हा संकर करून पाहायचा, एका ताटाला जास्त कणसं धरतात का, थंडी आणि दुष्काळ सोसतात का ते तपासायचं, हे त्यांचं काम झालं. मक्याबरोबर गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केलं.

हा संकर करतात कसा, ते मी करून पाहिलं म्हणून सांगते. केस बाहेर यायच्या आधी कणसावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्याने येणारा परका पराग लागत नाही. ज्या झाडाचा पराग हवा, त्याच्या तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी पिशवी बांधायची. सकाळी दव सुकलं की तुरा झटकायचा, पिशवीतली भुकटी केसांवर शिंपडायची आणि कणीस लगेच पुन्हा झाकायचं. मग पिशवीवर आई कोण, बाप कोण आणि तारीख लिहायची. ऊन चढलं की पराग मरतो, त्यामुळे आळस चालत नाही. बॉम्ब बनवायला शिकलेला माणूस रोज सकाळी उठून कागदी पिशव्या बांधतोय, हे चित्र मला इराणच्या लढाईपेक्षा मोठं वाटायला लागलं आहे.

पण खानखोजे संशोधन करून थांबले असते, तर ते एक चांगले शास्त्रज्ञ एवढेच राहिले असते. 1920 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी तिथल्या शेतकरी संघटनांबरोबर मुक्त कृषिशाळा काढल्या. फी नाही, अट नाही. ज्याला वाचता येत नाही तोही यायचा. बी निवडायचं कसं, माती राखायची कशी, संकर म्हणजे काय, हे शेतकऱ्याला त्याच्या गावात, त्याच्या भाषेत. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार बाईने या शाळांचे आणि खानखोजे यांच्या मक्याचे फोटो काढले. आणि रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत एक भित्तिचित्र काढलं. लांब मेज, भोवती कामकरी माणसं आणि बायका-मुलं, आणि मेजावर भाकरी वाटणारा सावळा माणूस. तो सावळा माणूस म्हणजे खानखोजे. चित्राचं नाव ‘आमची भाकर’. स्पॅनिशमध्ये हे शब्द थेट प्रभूच्या प्रार्थनेतले आहेत, जी आपण मिस्सामध्ये रोज म्हणतो. रिव्हेरा देव मानणारा नव्हता आणि खानखोजे ख्रिस्ती नव्हते. तरी ते मेज पाहिल्यावर शेवटचं भोजन आठवल्याशिवाय राहत नाही. मी मोबाईलवर ते चित्र आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हा आपल्याकडचा दिसतो, कुठल्या गावचा? वर्ध्याचा, मी म्हटलं.

1936 मध्ये त्यांनी झान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. सावित्री साहनी यांनी पुढे इंग्रजीत वडिलांचं चरित्र लिहिलं. मेक्सिको त्यांना मानत होता. पण घर ते घर.

1947 मध्ये ज्यासाठी सगळं केलं ते स्वातंत्र्य आलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये निजामाचं राज्य संपलं आणि आपलं बीदर, आपलं कलबुर्गीही भारतात आलं. सगळे घरी आले, असं म्हणायला हरकत नाही. खानखोजे यांनी भारतात येण्यासाठी अर्ज केला, तर तो नाकारला गेला. इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी कपाटात तशीच होती आणि तिच्यात खानखोजे यांचं नाव होतं. पुढे ती चूक सुधारली गेली. 1949 मध्ये ते आले, आणि पन्नासच्या दशकात नागपूरला कायमचे राहिले. पण तरुणपणी ज्या गावातून निघाले, त्या गावातले ओळखीचे चेहरे तोवर किती उरले असतील? मेक्सिकोत भिंतीवर ज्याचं चित्र आहे, तो माणूस नागपूरच्या रस्त्यावर एक म्हातारा गृहस्थ होता.

या गोष्टीचा शेवट मला अजून पचलेला नाही. मेक्सिकोत 1943 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून गहू-मक्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. 1944 मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे आले. त्यांनी बुटका, भरघोस गहू तयार केला. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांती सुरू झाली. त्या गव्हात खानखोजे यांचा हात नव्हता. पण ज्या देशाच्या मातीत त्यांनी तीस वर्षं घातली, तिथलं बियाणं जहाजांनी त्यांच्या देशात येत होतं. 22 जानेवारी 1967 ला, म्हणजे तो गहू इथल्या रब्बीच्या रानात उभा असताना, नागपूरला त्यांचं निधन झालं. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला, आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते. पंचावन्न वर्षांनी. आपल्याकडे बारावीपर्यंतच्या पुस्तकात मला हे नाव एकदाही भेटलं नाही.

मग ते वाया गेले का? मी स्वतःला हा प्रश्न विचारते, कारण साहित्य शिकणाऱ्या मुलीला गावाकडे तोच विचारला जातो. मला वाटतं, खानखोजे यांनी क्रांती सोडली नाही, तिचा पत्ता बदलला. राज्य कुणाचं, हा पहिला प्रश्न होता. बियाणं कुणाचं आणि ते घडवायची विद्या कुणाची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 1947 मध्ये मिळालं. दुसरा आमच्या ओसरीवर अजून बसलेला आहे. बाबा दर जूनला पाकीट विकत घेतात. त्यातलं बी घरी राखून पेरलं तर दुसऱ्या वर्षी मका एकसारखा येत नाही, कारण हायब्रीडची जोडी पुढच्या पिढीत फुटते. पाकीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याने उत्पन्न मिळतं आणि माझी फीही त्यातूनच भरली जाते. पण पाकिटात काय आहे हे माहीत असणं आणि नसणं, यात फरक आहे. मुक्त कृषिशाळा त्या फरकासाठी होत्या.

मागच्या जूनमध्ये मी ते शाई शिंपडलेले काळे दाणेच परसात लावले. या वेळी बाबांना आधी विचारलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. पहिला प्रश्न विचारला तो हा, की दोन्ही मक्यांचा तुरा एका वेळी आला नाही तर? म्हणजे त्यांनी मनात गणित केलं होतं. पराग आठवडाभर झडतो, मग परसातला मका तीन आठवडे उशिरा पेरायचा. शास्त्राच्या पुस्तकात याला वेळेचं अंतर म्हणतात. बाबांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही.

तुरे आले तेव्हा मी चार दिवसांची सुट्टी काढून गेले. झाडं माझ्या डोक्यावर गेली होती. मी पिशव्या घेऊन टाचांवर उभी राहिले तर बाबांनी न बोलता ताट वाकवून धरलं. दसऱ्याला कणसं सोलली, तर एकाच कणसावर काळे आणि पिवळे दाणे, साधारण तीनाला एक. बाबांच्या ओळी या वेळी भिंतीपर्यंत स्वच्छ पिवळ्या होत्या. आजीने सगळ्यात गच्च भरलेली दोन काळी कणसं निवडली, सुकवली आणि दाणे राखेत कालवून डब्यात भरले. बाबांनी डब्यावर मार्करने तारीख घातली. खाली नाव काय लिहायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी सांगायच्या आधी त्यांनीच लिहिलं. कानडी अक्षरात, कारण बाबांची शाळा कानडी. आपला मका.